अकरा वर्षांचा दुखवटा

मढ, ता. ८ फेब्रुवारी २००४

ति. म्हस्कूदादास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. वाचता वाचता ह्यांनी दोनदा चष्मा पुसला. दादा, अक्षरं मेंढरं पांगल्यागत लिवतोस बघ, आबा आसते तर फोक घेऊन वळवली आसती. आमी इकडं बरी हावोत. ह्यांचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, पण म्हातारपण अजून लांब हाय म्हणत्यात.

एक गोष्ट लिहायला बसले आन् टाळत टाळत इथवर आले. काल कुशाबाई विहिरीवर माझ्यासाठी थांबली व्हती. बहिरूची आई. ज्यानं आपल्या धाकट्या भागूला आन् भावजयीला तळावर झोपेत कुऱ्हाडीनं मारलं आन् मेंढरं हाकून नेली, त्या बहिरूची. त्याला अकरा वर्सं झाली, तवापासून ती माझ्याशी बोलली न्हाई, मी बी न्हाई. सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली, आता राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज गेलाय. मेलेल्याच्या घरच्यांनी चार ओळी लिहून दिल्या तर उपेग व्हईल, असं वकील म्हणला म्हणं. ती म्हणाली, पोराला सोडा म्हणत न्हाई, सुटून आला तर मीच त्याला दारात उभा करायची न्हाई. जन्मभर कोंडून ठेवा, पण जिता ठेवा.

मी हंडा न भरताच घरी आले. पण दिवसभर डोळ्यापुढं माळशेजचा घाट. आपण आन् कुशाबाईचं घर दिवाळीनंतर संगतीनं कोकणात मेंढरं उतरवायचो, एका साली लहानगा भागू तापानं फणफणला व्हता. आईचा पाय काट्यानं सुजलेला. कुशाबाईनं भागूला पाठीला बांधून सगळा घाट उतरवला. त्यो तिच्या लुगड्यावर ओकला तर ही बया हसतीया. आन् बहिरू तिचं बोट धरून चालत व्हता. दादा, मी सही करू का? तुला इचारल्याबिगर करायची न्हाई.

बानूला माझा पापा दे. त्या टायमाला गोवर निघाला म्हणून पोर तुझ्याकडं व्हती, म्हणून भागूचं एवढं तरी उरलं. रागाचं का होईना, पत्र धाड.

तुझ्या मायेची भुकेली,
नंदा

•

अवसरी बुद्रुक, ता. २१ फेब्रुवारी २००४

चि. सौ. नंदीस,
अनेक आशीर्वाद.

रागाचं पत्र मागितलंस, घे.

घाटाचं मला तुझ्याहून जास्त आठवतंय, मी जाणता व्हतो. म्हणून तर पोटात जास्त पेटतं. परक्यानं मारलं आसतं तर नशीब म्हणलो आसतो. ह्यानं दिवस मावळताना भावजयीच्या हातची भाकरी खाल्ली, वर कांदा मागून घेतला, आन् मग कुऱ्हाड चालवली. कोर्टात त्यानंच सांगितलं हे, मी पुढच्या बाकड्यावर बसलो व्हतो. आबांची रीत आठव. मेंढराला तोंड लावलेला कुत्रा आबा तळावर ठेवत न्हवते. राखणारानंच खाल्लं तर त्याला दुसरी शिक्षा न्हाई.

आपल्यात दुखवट्याच्या घरात कढई चढत न्हाई, पावण्यांनी टोपी-लुगडं आणायचं, तळण काढायचं, मग दुखवटा सरतो. तू दर वर्साला दिवाळीआधी येतीस आन् मी तुला लुगड्यासकट परत धाडतो. मला काय त्यात आनंद वाटतो व्हय? आळीत सगळ्यांच्या घरातनं तळणाचा वास सुटतो आन् बानू दार लोटून अभ्यास करत बसती. पण बहिरू फासावर जाईस्तोवर माझ्या घरात कढई चढणार न्हाई, असा खंडोबापुढं भंडारा उचललाय मी. शब्द म्हणजे शब्द.

सही केलीस तरी दार बंद करायचो न्हाई, तुझं माहेर हाय. पण माझ्याकडनं बोलणं व्हायचं न्हाई. दाजींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध. कांदा काढणीला आलाय.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
दादा

•

मढ, ता. ७ मार्च २००४

ति. दादास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

निरगुडीचा गुण आला. राग आला तरी तुझं वैदूपण जात न्हाई.

कुत्र्याचं काढलंस तर मोत्याचं बी आठव. त्याच्या तोंडाला रगत दिसलं म्हणून आबांनी त्याला बाभळीला टांगलं. दोन-तीन दिसांनी बिबट्या कोकरू उचलताना सगळ्यांनी बघितला. मोत्या त्याच्याशीच झटला व्हता. पुढं आबांनी त्या बाभळीखालनं कधी मेंढरं नेली न्हाईत, वळसा घालायचे.

तू म्हणशील, मोत्या निर्दोष व्हता आन् बहिरूनं तोंडानं कबूल केलंय. खरंय. बहिरूची मला कीव येत न्हाई, सडू दे तिथंच. पण दादा, भागूला आणला तवा आईनं फोडलेला हंबरडा मी ऐकलाय. कुशाबाईचं घर माझ्यापासनं चार घरं सोडून हाय. तसला हंबरडा पुन्यांदा ऐकायचा, आन् तो बी आपण मागून घेतलेला, एवढी माझी छाती न्हाई.

आन् दुसरं. आता इथं कुणी भागूचं नाव काढलं की पाठोपाठ बहिरूचं निघतं, राम-लक्ष्मणाची जोडी असल्यागत. फाशी झाली म्हंजी कायमचं व्हईल ते. मला माझा भाऊ एकटा पाहिजे. मी सही केलीय.

बोलू नको म्हणालास, नको बोलू. मी आपली लिवत राहीन. माया पातळ झाली तरी चालंल, तुटू देऊ नको.

तुझी,
नंदा

•

अवसरी बुद्रुक, ता. २० ऑक्टोबर २००४

चि. सौ. नंदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी समदी पत्रं पावली. बानू वाचून दाखवायची, मी ऐकत न्हाई असं दाखवायचो. तू तिला चोरून लाडू धाडतीस तेबी ठाऊक हाय मला.

ऑगस्टात तिकडं कलकत्त्याला एकाला फाशी दिली. टीव्हीवर दुसरं काय न्हवतंच. मी पहाटेचा बसलो, वाटलं छाती गार व्हईल. काय बी झालं न्हाई, चहा तेवढा थंड झाला. आन् मंचरच्या बाजारात लोक इचारायला लागले, म्हस्कूभाऊ, तुमचा कधी? पोरीच्या लग्नाची तारीख इचारावी तसं. चांगली माणसं, वाईट हेतू न्हवता.

त्याच दिवशी बानू मला वाढता वाढता म्हणाली, "तात्या, मी बहिरूच्या मरणाची वाट बघतच मोठी व्हायची का?" घास तसाच ठेवून उठलो आन् वावरात जाऊन लई रडलो, नंदे. आई गेली तवा बी एवढा रडलो न्हवतो.

फाशी बरोबर का चूक, मला अजून उलगडत न्हाई. अर्जावर माझी सही मागू नको, माझ्या हातनं ती व्हायची न्हाई. तुझी सही बी मला खुपती, खुपत राहील. सरकारला काय करायचं ते करू दे. पण दुखवटा भागूचा हाय. तो कधी सरायचा हे बहिरूनं का ठरवावं?

भंडारा देवापुढं उचलला व्हता, देवापुढंच ठेवून आलो. गुरव म्हणला, असं करता येत न्हाई. म्हणलं, ते माझं आन् देवाचं बघू आमी.

दिवाळीआधी ये. टोपी-लुगडं आण. कढई माळ्यावर पार गंजलीया, घासायला दोघी लागाल. दाजींना बी आण, गुडघ्याचं निमित्त चालायचं न्हाई.

वाट बघणारा,
दादा

•

अवसरी बुद्रुक, ता. २३ नोव्हेंबर २००४

ति. सौ. आत्यास,
बानूचा सा. न. वि. वि.

तू गेल्यावर घर सुनं सुनं वाटतंय. पहिल्या घाण्यातल्या करंज्या करपल्या, त्या तात्यांनी कुणाला फेकू दिल्या नाहीत, सगळ्या स्वतःच खाल्ल्या. अर्जाचं अजून काही कळलं नाही. तात्या विचारतही नाहीत. कुशाबाईंना चार करंज्या देशील म्हणून मी तुझ्या पिशवीत जास्त भरल्या होत्या, ते तात्यांनी बघितलं आणि पिशवीचं तोंड स्वतःच बांधून दिलं.

तुला एक विचारायचंय. परवा जेवताना तात्या आपणहून बाबांच्या गोष्टी सांगायला लागले. मेंढरं कातरायच्या आधी नदीत धुवायची, तेव्हा म्हणे बाबा काठावर उभे राहून नुसते हुकूम सोडायचे, पाण्यात पाय घालायचे नाहीत. एकदा तात्यांनी ढकललं, तर मेंढीच्या गळ्याला मिठी मारून बाहेर आले आणि वर त्या मेंढीलाच दम दिला. सांगता सांगता तात्यांना हसू आवरेना, उचकी लागली. हे खरं आहे, का तात्या रचून सांगतात? खरं असेल तर आणखी असलं काही आठवतंय का बघ, आणि सगळं लिहून पाठव, कितीही लांब झालं तरी चालेल.

आत्या, माझा बाप कसा मेला ते मला लहानपणापासून तोंडपाठ आहे, कुऱ्हाड कुठं लागली इथपर्यंत. तो पाण्याला भ्यायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
बानू