सरलाच्या नावाचे कोनोकार्पस

मी देवीदास तुळशीराम रामटेके, वय ७६, रेल्वेतून निवृत्त सिग्नल मेंटेनर, राहणार समता कॉलनी, रायपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉ. पद्मजा भोयर यांचा दाखला जोडला आहे.

१. घर मुलगा यशदीप व मुलगी नीलिमा यांना निम्मे निम्मे. गच्चीवरून भांडू नये.

२. अवजारांची पेटी नीलिमाला. यशदीपच्या हाती पाना दिला की नळ आधीपेक्षा जास्त गळतो.

३. अंगणातले कोनोकार्पसचे झाड माझ्यामागे महिनाभरात मुळासकट काढावे. त्याशिवाय घराचा ताबा कुणालाही नाही.

कारण लिहून ठेवतो. नऊ वर्षांपूर्वी माझी पत्नी सरला वारली. तिच्या अस्थी आम्ही नदीत सोडल्या नाहीत, खड्ड्यात ठेवून वर झाड लावले. झाड मी निवडले. नर्सरीवाला म्हणाला, "भैया, बारह महीने हरा, गाय भी नहीं खाती." मी भाळलो. गाय ज्याला तोंड लावत नाही ते घरी आणू नये, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. हे परदेशी शोभेचे झाड दिसते झकास, पण मुळे पाण्याच्या शोधात पाइपात घुसतात. आमचे गटार तीनदा फुटले, मग शेजारी श्यामराव वानखडे यांची टाकी तडकली. झाड फुलले की त्यांचा दमा उसळतो. फांद्यांवर आजवर एक घरटे नाही.

यशदीप म्हणतो, "बाबा, आई को कैसे काटेंगे?" बाळा, ते झाड म्हणजे आई नव्हे. सरला कुणाच्या घरात न विचारता कधी शिरली नाही. तिची आठवण मला रोज येते. त्यासाठी श्यामरावांनी धापा टाकायचे कारण नाही.

४. त्या जागी मुनगा, म्हणजे शेवगा, लावावा. शेंगा कॉलनीत वाटाव्यात, विकू नयेत. माझ्या अस्थीही तिथेच.

५. टाकीवरून मी श्यामरावांशी चार वर्षे अबोला धरला. चूक माझी होती.

सहीपूर्वीची दुरुस्ती: मी स्वतः जाऊन साक्षीला बोलावलेल्या श्यामरावांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे तू मरेपर्यंत मी खोकत बसू काय? अन् माहाच नंबर आधी लागला तं?" मी कुऱ्हाड काढली. यशदीपला हाक मारली. पहिला घाव मी घातला. पुढचे त्याने रडत रडत घातले. चार वाजता झाड आडवे झाले, संध्याकाळपर्यंत मुळेही खणून काढली. मी खड्ड्यापाशी बसलो, श्यामरावही येऊन बसले. कलम ३ काम झाल्यामुळे रद्द. बाकी मजकूर कायम.

साक्षीदार: १. श्यामराव वानखडे २. डॉ. पद्मजा भोयर

रायपूर, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सही: देवीदास रामटेके
(कुऱ्हाडीने हात भरून आल्यामुळे वाकडी आहे, पण माझीच आहे.)