तो होकार माझा नाही

नागपूर, ९ फेब्रुवारी १९८६

उत्तमदादास चंद्रकलाचा जयभीम.

मी बरी आहे. मायच्या डोळ्यांत दोन्ही वेळा औषध घालतोस ना?

काल भोपाळच्या कंपनीचं पत्र आलं. तुमचा होकार मिळाला, एक तारखेला रुजू व्हा, असं लिहिलं आहे. मी होकार पाठवलाच नव्हता. अर्जात मी दोन्ही पत्ते दिले होते; नेमणूकपत्र सौंसरला, घरच्या पत्त्यावर आलं असणार, म्हणजे माझी सही तूच केलीस.

"दहा माणसांच्या वर्कशॉपात काय करून राहिली तू? मुलाकडच्यांले काय सांगू?" असं दिवाळीत म्हणाला होतास. त्यांना सांग, इथे दुरुस्त झालेला एकही ट्रान्सफॉर्मर मी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. भोपाळला मुलींना दिवसभर ड्रॉइंग ट्रेस करायला बसवतात, हे त्यांनी मुलाखतीतच सांगितलं होतं. मोठ्या कंपनीचं नाव तुला हवं आहे. काम मला करायचं आहे. मी इथेच राहणार.

माझी समजूत काढायला घरची संत्री पाठवू नकोस, स्वतःही येऊ नकोस. मायला मात्र हे पत्र पूर्ण वाचून दाखव.

भोपाळला आजच कळवलं की ती सही माझी नाही. कोणाची, ते लिहिलं नाही. त्यांनी विचारलं तर लिहीन.

तुझी बहीण,
चंद्रकला