विहीणबाईंच्या आधीचा पुतळा

हॅरो, ७ जानेवारी २००३

सौ. सुनीतीविहीणबाईंस अरुणाचा नमस्कार.

तुमच्या जावयाने माझा पुतळा केला, हे आधी सांगते; मग तुमच्या दम्याची चौकशी करते. (कसा आहे?) तुमचा जावई म्हणजे माझाच अनुप, पण या महिन्यात तो तुमचाच राहू दे.

परवा रविवारी टीव्हीवर चीनचं शेनचौ यान खाली उतरल्याची बातमी होती. आत माणूस नाही, पुतळा. अनुप सोफ्यावरून उठून मला समजवायला लागला, की पहिलं यान रिकामं सोडलं, दुसऱ्यात जनावरं, मग दोनदा पुतळा. आत गारठतं का, श्वास पुरतो का, उतरताना आदळतं का, सगळं आधी बघायचं आणि मगच जिवंत माणूस बसवायचा. मी म्हटलं, शहाणे आहेत. तेवढ्यात तुमची वरदा पोटावरची बशी बाजूला ठेवून म्हणाली, "मग आता ममीचं तिकीट बुक करू या ना!"

झालं. नोव्हेंबरात मी इथे आले तेव्हापासूनचं सगळं माझ्या डोक्यात उतरलं. एअरपोर्टवर साहेबाने माझी डिंकाची पुडी हुंगून पाहिली, तेव्हा अनुपने "घाबरलीस का?" विचारलं नाही, "लोणचं सोडलं का?" विचारलं. बाथटबमध्ये घसरले (एक पाय आत, एक बाहेर, तुम्ही करून बघू नका), तर दुसऱ्या दिवशी तिथे रबरी मॅट आणि धरायला दांडा. भाजीला म्हणून बसमध्ये बसले आणि डुलकी लागून स्टॅनमोरला पोचले, तर ओरडलासुद्धा नाही. "आई, परत कशी आलीस? कोणाला विचारलंस? त्यांचं इंग्लिश समजलं?" ऑफिसातून आला की थंडी वाजली का, कुठे वाजली, पायाला की कानाला. मी मेली शेजारीपाजारी सांगत फिरले, पोरगा किती काळजी करतो! करतच होता. तुमची.

तोंडावर विचारलं, तर लाजला नाही. "आई, तू कणखर आहेस गं. ममींना दमा आहे." बरोबर आहे त्याचं. पहिलं बाळंतपण माहेरचं, तुम्ही इथे येऊन आजारी पडून चालणार नाही. मी एवढंच विचारलं, की त्या पुतळ्याला परत वर नेतात का. म्हणाला, "छे, त्याचं काम झालं," आणि पोळी मागितली.

तुम्ही जरूर या. कानटोपी आणा.

अरुणा

ता.क. लोणचं सोडतात.

आणखी एक. माझं परतीचं तिकीट फेब्रुवारीच्या मध्यावर काढलंय, वरदाचे दिवस एप्रिलात भरतात. व्हिसा मेपर्यंत आहे, मी विचारून घेतलंय. बाळ बघितल्याशिवाय मला जायचं नाही, पण हे मी अनुपला सांगणार नाही. पोटच्या पोराची विनवणी माझ्याच्याने होत नाही. तुम्ही त्याला फोन करून सांगा, की अरुणाताई घरात नसतील तर मी विमानात बसत नाही. सासूला तो नाही म्हणणार नाही. खोली एकच आहे. मी भिंतीकडे झोपेन. आणि बाळंतिणीच्या डिंक-अळिवाचा डबा कुठे ठेवलाय, ते या घरात फक्त मला माहीत आहे. रथसप्तमीच्या आत फोन यायला हवा. मला नको, त्याला.