बातमीतलं सोनेरी नाणं

करंजाडे, मंगळवार

संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं, पनवेलमध्ये कुणीतरी दामदुप्पट देणारं कसलंसं बनावट कॉइन विकून लोकांना बुडवलं. बातमी त्या भामट्याची, पण पडद्यावर सारखं बिटकॉइनचं सोनेरी नाणं फिरत होतं. बिटकॉइन नुसतं कॉम्प्युटरवर असतं, असं नाणं हातात घेता येतं का कधी? पण बघणाऱ्याला काय कळणार!

माझा नवरा सुहास बिटकॉइनचं सॉफ्टवेअर लिहितो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक. थोड्याच वेळात दारावर थापा. तो अजून ऑफिसातून आला नव्हता. मी साखळी लावूनच दार उघडलं. बाहेर घोळका, आणि पुढे गव्हाणच्या हिरामावशी. रोज मासे घेते मी त्यांच्याकडून.

"टीव्हीवर तुमचंच नाणं दावलं ना? माज्या पोरीच्या लग्नाचं पैसं गेलं. घरवाला कुटं हाय तुजा?"

"मावशी, ते नाणं वेगळं, ह्याचं काम वेगळं." पण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेच सोनेरी नाणं. मागून कुणीतरी ओरडलं, "तोडा दार!"

तेवढ्यात सुहास जिना चढून आला. कुणीतरी त्याची कॉलर धरली. तो एवढंच म्हणाला, "मावशी, चला पोलीस स्टेशनला. तक्रार मी लिहून देतो." मी नको नको म्हणत राहिले. तो गेला.

आत्ता मावशींचा फोन आला.

"बाय, तुजा घरवाला भला मानूस हाय. तक्रार त्यानंच लिवली. पन भायेर टीव्हीवाले आल्यान. त्यालाच चोर समजून शूटिंग करतान. मी सांगतंय, पन कोन आयकत नाय."

रिमोट समोर पडलाय. टीव्ही लावायचा धीर होत नाही.