मिर्सिनीच्या वाढदिवसाचे गहू

२ जुलै
पोचले बाई एकदाची! सर्बियातल्या चाचाकपासून ग्रीसमधल्या वोलोसपर्यंत बसमध्ये बसून पाठीचा पार भुगा झाला. पण इथे डोंगरावर आल्याबरोबर शीण कुठल्या कुठे पळाला. खाली समुद्र, मागे चेस्टनटचं रान, आणि मधोमध माझं स्वयंपाकघर. ताटं द्यायला भली मोठी खिडकी आहे. सहा उन्हाळे थासोस बेटावरच्या हॉटेलात भांडी घासता घासता ग्रीक शिकले, आणि आज चौसष्टाव्या वर्षी मुलांच्या या उन्हाळी शिबिराचे व्यवस्थापक लेफ्तेरिस मला चक्क 'शिक्षिका' म्हणाले. मला हसूच आलं. मी कुठली शिक्षिका, सासूच्या हाताखाली चटके खाऊन शिकलेली!
मुलं बावीस. सगळी मला 'याया' म्हणतात, म्हणजे आजी. धुणं बघणारी आर्गिरो माझ्याच वयाची, पण जिभेला धार. म्हणाली, पोरांना रांधायला शिकवायला सर्बियाहून बाई आणली, इथल्या बायकांचे हात काय झडले होते? मी म्हटलं, झडले नाहीत, कपडे पिळून दमलेत. तेव्हापासून आमचं जमलं.

५ जुलै
आज पालकाची पिटा, म्हणजे सारण भरून भाजलेली पोळी, लाटायला शिकवली. पीठ छतापर्यंत उडालं. सगळ्यात नेटकी पोळी मिर्सिनीची. नऊ वर्षांची, एकटी एकटी राहणारी. आई जहाजावर स्वयंपाकीण, वीस तारखेला न्यायला येणार. लाटता लाटता हळूच म्हणाली, याया, नऊ तारखेला मी दहाची होणार, पण कुणाला सांगू नका. असं म्हणणाऱ्या पोरीचा वाढदिवस दणक्यात करायलाच हवा ना!

८ जुलै
गहू भिजत घातले. आमच्या चाचाकला मिठाईच्या दुकानात शिजवलेले गहू मिळतात, अक्रोड आणि साखर घालून, वर क्रीमचा डोंगर. लहानथोर मिटक्या मारत खातात.
इथे गहू मेलेल्यांसाठी शिजवतात. वर पिठीसाखर थापून चंदेरी साखरगोळ्यांनी गेलेल्याच्या नावाची अक्षरं काढतात, देवळातून मूठ मूठ वाटतात, आणि घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो. हे मला ठाऊक होतं. नाही असं कसं म्हणू? दुकानदाराने गोळ्या बांधताना विचारलंसुद्धा, कोण गेलं? मी हसून म्हटलं, वाढदिवस आहे. त्याचा हात थबकला. आर्गिरो म्हणाली, देसांका, मुकाट्याने केक कर. मी म्हटलं, गव्हाला काय कळतंय!

९ जुलै
उन्हाने क्रीम फाटलं. मग वर पिठीसाखरच थापली आणि मिर्सिनीला म्हटलं, काढ तुझ्या नावाची अक्षरं. तिने एकेक गोळी लावून म आणि क, मिर्सिनी कालूदी, इतके सुरेख काढले! मुलं तिच्यासाठी गायली, पण एकानेही चमचा लावला नाही. तिने बिचारीने माझं मन राखायला एक घास खाल्ला.
तेवढ्यात लेफ्तेरिस आले. परातीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. कुणाची ही कल्पना, म्हणाले. आणि माझी जीभ कशी वळली कोण जाणे, मी म्हटलं, मिर्सिनीनेच हट्ट धरला.
ते सगळ्यांदेखत तिच्यावर रागावले. ती माझ्याकडे बघत राहिली.
हे गहू केरात टाकत नाहीत, आमच्याकडेही नाही. परात झाकून खिडकीपाशी ठेवली आहे.

१० जुलै
दुपारी मुलं झोपलेली. खिडकीशी चाहूल लागली म्हणून बघितलं तर रांग. काळ्या कपड्यांतली माणसं, देवळातून परतल्यासारखी गप्प. मला वाटलं, गावची असतील. पुढच्या म्हातारीने ओंजळ धरली. जन्मभर वाढत आलेले हात माझे, मी मूठभर गहू दिले. ती म्हणाली, देव मिर्सिनीला क्षमा करो. मागचाही तेच म्हणाला. आठ ओंजळी भरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ही पोरीला मेलेली धरून गहू नेताहेत. खिडकी लावून घेतली.
संध्याकाळच्या हजेरीत लेफ्तेरिसनी मिर्सिनीचं नाव घेतलंच नाही. ती म्हणाली, सर, मी राहिले. त्यांनी कागद उलटसुलट केला. नाव नव्हतं.

११ जुलै
परात कपाटात कुलपात होती. तरी दुपारी उघडली तर खळगे. बोटांचे.
जेवायला ताटं एकवीस. शेजारच्या खाटेवरच्या एवान्थियाने मिर्सिनीला विचारलं, तू नवीन आलीस का गं?
आर्गिरोला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, जिवंत पोर ताटात वाढलीस, देसांका. गव्हावर नाव पडलं की ते संपेपर्यंत वाटले जातात, आणि गहू संपले की माणूस संपलं. अक्षरं पुसायची तर ज्याने काढायला लावली त्यानेच, आणि त्या जागी स्वतःची काढायची. बिननावाचे गहू राहत नाहीत.
मी भ्याले. आज नाही पुसली.

१२ जुलै
त्याऐवजी लेफ्तेरिसकडे गेले. म्हटलं, खोटं बोलले, पोरीची काही चूक नव्हती. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मायेने विचारलं, कोण मिर्सिनी?
तिच्या आईला फोन लावला. मला मुलगी नाही, म्हणाली, चुकीचा नंबर लागला. मग रडायलाच लागली. म्हणाली, बाई, मी का रडतेय?
आजही नाही पुसली.

१३ जुलै
आर्गिरोनेही विचारलं — ही कुणाची पोर तुझ्या मागे मागे फिरते?
आता तिला ओळखणारी मी एकटी. मी डोळे मिटले तर —
सावली पडत नाही तिची. ओट्याशी बसून म्हणाली, याया, माझं काय चुकलं? मी पुढे पाव सरकवला. तिला तो उचलता येईना.
परातीत एक मूठ उरली. वर ती अक्षरं, तशीच.

१४ जुलै
पुसली. म आणि क. गोळ्या सांडल्या — पुन्हा लावल्या. माझ्या नावाची.
अंगणात लेफ्तेरिस हजेरी घेताहेत. मिर्सिनी कालूदी! ती ओरडली, आले! केवढा खणखणीत आवाज. एवान्थिया तिला हाका मारतेय.
आर्गिरो आत डोकावली. ओटा रिकामा असल्यासारखी बघून गेली.
रांग आली. पुढच्या म्हातारीने ओंजळ —
थांबा. जरा थांबा. पोरीशी दोन शब्द —
ती आलीच खिडकीपाशी, पाणी मागायला. गाल लाल. मी म्हटलं, मिर्सिनी. ती लाजली. म्हणाली, बाई, तुम्ही कोण?
ऐक गं, बाळा. चूक तुझी नव्हती. त्या दिवशी मीच खोटं —