रेझ्युमेतली आईची तीन वर्षं

१२ जानेवारी, सोमवार
परत नकार. चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यातून. अर्ज पाठवला, गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तोवर मेल येऊन पडलेला. 'आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत.' एवढ्या वेळात कुणी वाचला असेल? कुणीच नाही. घरून गाडीवर जाऊन-येऊन करता येईल अशी ही एकच जागा आहे. लॅबची. माझंच काम.
ह्यांना सांगितलं नाही अजून.

१६ जानेवारी, शुक्रवार
सांगावं लागलं. हे म्हणाले, त्यांच्या ऑफिसात कुणीतरी सांगत होतं, आता रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्यानं पास केलं तरच माणसापुढं जातो. आपला रेझ्युमे त्यात टिकेल का, ते तपासून देणाऱ्या वेबसाइट असतात, फुकट.
दुपारी एकीवर टाकला. पडद्यावर एक गोल फिरला आणि लाल झाला. शंभरात एकतीस. खाली कारणं. फोटो नको. जन्मतारीख नको. आणि चौकटीत लिहिलेलं त्याला वाचताच येत नाही म्हणे. माझी डाइंग लॅबमधली, रंग जुळवण्यातली अकरा वर्षं चौकटीत होती. मी किती नीट आखलेली, रकाने पाडून.
म्हणजे त्याच्या लेखी मी बी.एस्सी. झाले आणि संपले.
घरातले सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेलेत. डोकं दुखतंय म्हणून मी राहिले. खोटं नाही.

२१ जानेवारी, बुधवार
चौकटी काढल्या. फोटो काढला. जाहिरातीत जे शब्द होते तेच उचलून घातले. चौसष्ट.
आता एकच लाल खूण. 'गॅप.' तीन वर्षांचा. तिथं विचारतंय, या काळात आपण काय साध्य केलंत?
आईला अर्धांग झाला. दादा-वहिनी दिवसभर डाळिंबात, फवारणी, पाणी, तिच्याजवळ बसायला कोण? मी नोकरी सोडून सांगोल्यात जाऊन राहिले. साध्य काय केलं? पाठीला जखम होऊ दिली नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. डॉक्टर दरवेळी बघायचे आणि मान डोलवायचे. शेवटी शेवटी मला धाकट्या मावशीच्या नावानं हाक मारायची, मी ओ द्यायची. दिवाळीच्या आधी गेली.
लिहिलं तसं, 'आईची शुश्रूषा.' परत तपासलं. अठ्ठावन्न.
लिहिल्यावर आकडा खाली आला.

२९ जानेवारी, गुरुवार
काल पुन्हा अर्ज, आज नकार. तोच मेल, तेच आभार.
संध्याकाळी सात रस्त्याच्या चौकात सलीमभाई भेटले. जुन्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो, ते डाइंग मास्टर, मी लॅबला. तो बंद पडल्यावर ते कुठं गेले माहीत नव्हतं. चिंचोळीतच आहेत. त्याच कारखान्यात!
म्हणाले, "म्याडम, लॅबची जागा दिवाळीपासनं खाली हाय की. रंगाचा शेड जुळंना, माल परत यायलाय. साहेब रोज वरडतेत, माणूस कुटं हाय म्हणून. तुमी अर्ज का करंना झाले?"
"केला की, भाई. चार वेळा केला."
ते गाडी बंद करून बघतच राहिले. "आमच्यापर्यंत आलाच न्हाई वो."
आत बोलून बघतो म्हणाले. घरी पोचते तोवर त्यांचा फोन. एचआरची मुलगी म्हणते, पोर्टलवरून आलेलंच घेता येतं, हेड ऑफिसचा नियम.
त्यांना माणूस हवा आहे. मी इथं आहे. मध्ये काय आहे ते ना त्यांना दिसतं, ना मला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
त्याच वेबसाइटवर 'सुधारून द्या' असं एक बटण आहे. दाबलं. सगळा रेझ्युमे त्यानंच नव्यानं लिहिला. लई भारी इंग्रजी. आणि त्या तीन वर्षांच्या जागी, 'स्वतंत्र सल्लागार, वस्त्ररंगाई.'
ब्याण्णव. हिरवा गोल.
ह्यांना दाखवलं. "राहू दे की. कोण बघतंय?"
"आई कुठं गेली ह्यातनं?"
"अगं, आधी तरी कुठं होती? गॅप म्हणून होती."
पाठवून दिला. मीच.

९ फेब्रुवारी, सोमवार
फोन आला. एचआरची मुलगी, अगदी गोड बोलली. "तुमची प्रोफाइल खूप स्ट्रॉंग आहे मॅडम." शुक्रवारी मुलाखत. हे हसले, किती दिवसांनी. दादाला कळवलं. "व्हय? आईचं आशीर्वाद हायत गं," म्हणाला.
फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ सोडून रडले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
झाली मुलाखत. मोठे साहेब आणि ती मुलगी. कामाचं सगळं विचारलं, नीट सांगितलं. मग साहेबांनी कागद पुढं ओढला. "आणि ही तीन वर्षं कन्सल्टन्सी. कुणाकुणाकडं केली?"
एखादं नाव घेता आलं असतं. हे तर दोन नावं पाठ करून घे म्हणत होते.
मी म्हणाले, "सर, ते मी लिहिलेलं नाही. मशीननं लिहिलं, मी राहू दिलं. त्या वेळी मी सांगोल्यात होते. आई अंथरुणावर होती."
"मग तसं का नाही लिहिलं?"
"लिहिलं होतं. हितंच पाठवलं होतं. तुमच्यापर्यंत आलं नाही."
साहेबांनी मुलीकडं बघितलं. ती खाली बघत होती. तिचा तरी काय दोष. साहेब कळवतो म्हणाले.
घरी आल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "दोन नावं घ्यायची होती, जमलं नाही?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी सलीमभाईंचा फोन. "साहेबांना तुमीच पायजे म्याडम. पन खोटा कागद फाइलीत नको म्हनतेत. खरा हाय तो परत टाका, पोर्टलवरून."
"पोर्टलवरून गेला तर परत बाद होणार, भाई."
"ते बी सांगितलं मी. हेड ऑफिसला विचारतो म्हनले. पन टाका तुमी."
खरा लिहिला. तीन वर्षं, आईची शुश्रूषा, सांगोला. वेबसाइटवर तपासायला टाकलाच नाही. पाठवला.
भाकरी थापत होते तेव्हा फोन वाजला, मेलचा आवाज. हात पिठाचे. हे उठले. "बघू का मी?"
मी नको म्हणाले.
जेवणं झाली, ओटा पुसला. फोन फ्रिजवर आहे, पालथा. अजून बघितलेला नाही.