इंजिनाला 'आ करा' म्हणता येत नाही

प्रिय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण तुमच्या शर्यतीच्या बोटीने शेडमध्ये माणूस आडवा पडेल एवढीही जागा ठेवलेली नाही, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार करतो. तुमची प्रकृती उत्तम असणार, कारण तुमच्या वाटणीचा सगळा ताप सध्या मला आहे. ताईंच्या पाठीला आराम पडला का? इकडे तुमची मेहुणी ठीक आहे (म्हणजे माझी बायको, पण सध्या ती माझ्यावर इतकी भडकलेली आहे की तिचा उल्लेख तुमच्या नात्याने करणंच मला सुरक्षित वाटतं). अप्पा, म्हणजे आपले सामाईक सासरे, अगदी ठणठणीत आहेत, आणि खरी काळजी तीच आहे.

आता मुद्द्यावर येतो. येत्या रविवारी ट्रेलर घेऊन या आणि ही बोट माझ्या शेडमधून कायमची घेऊन जा. साडूभाऊ, मी दातांचा डॉक्टर आहे. उभा जन्म लोकांच्या तोंडात सुया घातल्या, इंजिनात कधी बोटही घातलं नव्हतं. तुमचा तिकडे फोन लागत नाही म्हणून हे पत्र, नाहीतर मी तुम्हाला तोंडीच काय ते ऐकवलं असतं.

जाताना तुम्ही काय म्हणालात ते आठवा. इंजिन नव्याने बांधून झालं आहे, फक्त कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो तो आकडा, किती आलाय त्याचं माप घेऊन ठेवा, म्हणजे साधं पेट्रोल चालेल की शर्यतीचं लागेल ते कळेल. फक्त! आणि त्याच दमात अप्पांना 'पहिली फेरी तुमची' असा शब्द देऊन निघून गेलात. तेव्हापासून अप्पा बोटीतून उठलेले नाहीत. बोटीला सीट एकच, आणि तिच्यात हेल्मेट घालून अप्पा. चहा तिथेच, पेपर तिथेच. दोन्ही लेकींनी बजावलं आहे की या वयात हा खेळ नको, पण अप्पांना नको ते ऐकू येत नाही. आणि चुकीचं पेट्रोल घातलं तर वेळेआधीच पेट घेतं, पिस्टनला भोकं पडतात, इंजिनाच्या चिंधड्या उडतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्या वेळी तळ्याच्या मधोमध बोटीत कोण बसलेलं असेल? आणि त्याच्या लेकींना जबाब कोण देईल?

म्हणून मी हे इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. (यांना सगळे 'अंदाजे मिस्त्री' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक माप त्याच शब्दाने सुरू होतं.) त्यांनी प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला, मला इंजिन फिरवायला लावलं आणि डोळे मिटून म्हणाले, अंदाजे नऊ. अप्पांनी लगेच आपला अंगठा लावून सतरा सांगितले. नऊ आणि सतरा! दाढ काढायची की समोरचा दात, एवढा हा फरक. मी सुशिक्षित माणूस, मी दाब मोजायचा गेज आणला. काटा एकशे नव्वदवर गेला. बाहेरच्या हवेचा दाब साधारण पंधरा धरून भागलं, तर तेराच्या जवळपास आले. मी खुशीत तुमच्या मेहुणीला हाक मारली. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, हा दाब झाला, रेशो नव्हे. झडप उशिरा मिटते, थोडी हवा परत पळते, आणि दाबलेली हवा तापून आणखी जोर करते; त्यामुळे भागाकार करून काही हाती लागत नाही. मग तुमचे नऊ कुठून आले, असं मी विचारलं. तर म्हणे पिस्टनच्या खोक्यावर छापलं होतं! आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासलंत ते किती, असं विचारलं. तर, अंदाजे.

तुमची मेहुणी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, साडेसात निघाले तर साडेसाती, नऊ निघाले तर नाकी नऊ, बारा निघाले तर बारा वाजले आणि तेरा निघाले तर तीन तेरा. इंजिनासाठी आपल्या भाषेत एक धड आकडा नाही, तर कशाला मोजता? साडूभाऊ, मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही.

तरी मी हटलो नाही. गणित सोपं होतं. पिस्टन खाली असताना वरची एकूण जागा किती, आणि तो पार वर आल्यावर उरलेली पोकळी किती, एवढंच. एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर येताना सहाशे मिलीलिटर जागा व्यापतो, ते तुम्ही लिहून ठेवलंच होतं. उरली पोकळी. आणि पोकळीच्या बाबतीत मला कोणी शिकवावं? दातांतल्या पोकळ्यांवर तर माझं घर चाललं आहे! आता तुमचा शब्द बघा. तुम्ही म्हणालात, 'माप घ्या.' आमच्या धंद्यात माप घेणं म्हणजे काय? कवळी करायची असली की तोंडात मऊ रबरासारखा मसाला भरायचा, तो घट्ट झाला की अलगद बाहेर काढायचा, झालं माप. तेव्हा मी पिस्टन वर आणला, दोन्ही झडपा मिटल्याची खात्री केली, दवाखान्यातला निळा मसाला पिचकारीत भरला आणि प्लगच्या भोकातून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरला. इतकं सुबक काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. मसाला छान घट्ट झाला. मी भोकाबाहेर आलेलं त्याचं शेपूट धरून ओढलं.

शेपूट हातात आलं. माप आत राहिलं.

तुम्ही हसत असाल. मी हसलो नाही. मी तसाच त्या भोकाकडे बघत राहिलो, आणि मला हळूहळू कळलं की पेशंटला 'आ करा' म्हणता येतं, इंजिनाला म्हणता येत नाही. अंड्याएवढी वस्तू बोटाएवढ्या भोकातून कशी येणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मिस्त्रींनी आत टॉर्च मारला. म्हणाले, अंदाजे अडकलं. अप्पांनी काय झालं म्हणून विचारलं, तर तुमच्या मेहुणीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, गल्लीलाही कळेल अशा आवाजात, तुमच्या जावयाने इंजिनाला कवळी बसवली, असं सांगितलं. (अप्पांना हे मात्र एका झटक्यात ऐकू आलं.)

शेवटी हेड काढावं लागलं. माप मात्र अखंड निघालं, एक बुडबुडा नाही. मोजपात्रात बुडवलं, तर बरोबर पन्नास मिलीलिटर पाणी वर चढलं. साडेसहाशे भागिले पन्नास, एकास तेरा! मी टाळी देण्यासाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, माझे नऊ, अप्पांचे सतरा, मधले तेराच की; मग हा उद्योग कशाला केलात? मी तिथेच स्टुलावर बसलो. एवढ्यावर भागलं असतं तरी देव पावला असता. पण हेड काढताना हेड आणि सिलिंडर यांच्यामधलं पातळ पॅकिंग, म्हणजे गॅसकेट, फाटलं होतं. मिस्त्रींनी आपल्याजवळचं दुसरं घातलं, ते चांगलं जाड निघालं. जाड गॅसकेट म्हणजे पोकळी मोठी, पोकळी मोठी म्हणजे तेराही गेले. आता किती? कोणालाच माहीत नाही. ज्या पेट्रोलच्या प्रश्नावर तुम्ही आम्हाला सोडून गेलात तिथेच, इंजिन एकदा उघडून, आम्ही परत आलो आहोत. मी हात टेकले. रविवारी या. ट्रेलर विसरू नका.

तुमचा,
हादरलेला साडू

ता. क. रविवारी जमत नसेल तर निदान कोणतं पेट्रोल ते उलट टपाली कळवा. अप्पा दर थोड्या वेळाने हॉर्न वाजवतात.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मागे असा आवाज झाला की दवाखान्यातल्या बाटल्या फडताळातून खाली आल्या. शेड उघडी आहे, बोट नाही. अप्पांनी अर्धं साधं आणि अर्धं शर्यतीचं पेट्रोल एकत्र केलं म्हणे. मिस्त्री बोट ढकलायला होते, हे समजण्यासारखं आहे. दुसऱ्या बाजूने ढकलायला तुमची मेहुणी होती! जी परवा नको नको म्हणत होती ती! काही विचारायची सोय नाही. मी शेडमागे तळ्याच्या धक्क्यावर निघालो आहे.

ता. क. ३. हे ओल्या कपड्यांत लिहितो आहे. अप्पांनी धक्क्याला बोट लावली, मी किल्ली काढून घ्यायला म्हणून आत उतरलो, आणि त्यांनी सुसाट सोडली. मी सीटची पाठ धरून मागे उकिडवा. पाणी दिसत नव्हतं, आकाश दिसत नव्हतं, ओरडत होतो एवढं कळत होतं. काही वेळाने लक्षात आलं की मी 'थांबा' म्हणत नाहीये, 'अजून' म्हणतो आहे. तळ्याच्या मधोमध अप्पांनी इंजिन बंद केलं. ते नीट चाललं होतं, एक ठोका वाकडा नाही. लग्न झाल्यापासून मला 'अहो जावईबुवा' यापलीकडे हाक न मारलेला तो माणूस मागे वळला आणि म्हणाला, "काय रे, घाबरलास?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मीपण." साडूभाऊ, माझे वडील गेल्यापासून मला कोणी 'काय रे' म्हटलं नव्हतं.

ता. क. ४. ट्रेलर आणू नका. सीट आणा.